ऑर्डर जंकमध्ये गेली, त्याचं काय?

वाळूजचा एखादा कारखाना असो की लातूरची डाळ मिल, तिथं मेलचं बघणाऱ्या माणसाच्या कानावर दोन तक्रारी पडतात, आणि बहुतेक वेळा त्या एकाच टेबलावरून येतात. पहिली: "अहो, किती हा कचरा! फिल्टर झोपलाय का?" दुसरी: "पुण्याच्या पार्टीनं पीओ पाठवलाय म्हणतात, आपल्याकडं तर आलाच नाही." पहिली मिटवायला फालतू मेल अडवणारा फिल्टर आवळला की दुसरी वाढते. दुसरीसाठी ढिला सोडला की पहिली. दोन्ही एकदम शून्यावर आणणारा फिल्टर अजून कुणी बनवलेला नाही. विकणारा तसं सांगत असेल तर त्याचं कोटेशन खुशाल बाजूला ठेवा.

आधी आकडे मांडू. समजा कंपनीच्या पत्त्यावर दिवसाला ३०० मेल येतात. २०० फालतू, १०० कामाचे. फिल्टर शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरतो असं धरू. ऐकायला झकास आकडा आहे. म्हणजे रोज दोन फालतू मेल आत शिरले आणि कामाचा एक मेल जंकमध्ये, म्हणजे संशयित मेलच्या फोल्डरमध्ये, गेला. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले तर खरे मेल गेले २५. त्यात कुणाची कोटेशनची मागणी असते, कुठं डिस्पॅचची तारीख बदललेली असते, एखादी जीएसटीची नोटीस असते. फालतू मेल डिलीट करायला दोन सेकंद लागतात. हुकलेल्या ऑर्डरचं तसं नसतं. म्हणून माझं मत असं, की छोट्या धंद्यानं फिल्टर थोडा ढिलाच ठेवावा, रोजचे आठ-दहा फालतू मेल सहन करावेत, आणि वाचलेला वेळ दोन कामांवर घालावा. जंकमध्ये काय गेलं ते रोज कुणीतरी बघायचं, आणि आपले मेल दुसऱ्याच्या जंकमध्ये जाणार नाहीत याची व्यवस्था करायची. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा फिल्टर कितीही महागाचा असला तरी उपयोगाचा नाही.

मेल आत येताना अडवला जातो तो तीन टप्प्यांवर. पहिला टप्पा दारातला. समोरच्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) काळ्या यादीत आहे का, हे आपला सर्व्हर डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या डिरेक्टरीला, विचारतो. स्पॅमहॉस या संस्थेची 'झेन' नावाची यादी यासाठी भरपूर वापरली जाते. आयपीचे चार आकडे उलट्या क्रमानं लावून प्रश्न जातो, उत्तर १२७.०.०.२ असं काही आलं की पत्ता यादीत आहे असं समजायचं. नवा सर्व्हर बसवणारे इथंच हमखास फसतात. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून सवयीनं गूगलचा ८.८.८.८ टाकलेला असतो. अशा सार्वजनिक डीएनएसवरून आलेल्या प्रश्नाला स्पॅमहॉस यादीतलं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा 'तुमची विचारण्याची वाट चुकली' असं सांगणारा कोड देतो. आपल्या सर्व्हरला मात्र '१२७ नं सुरू होणारं उत्तर आलं की मेल परत' एवढंच शिकवलेलं असतं. मग त्या घडीपासून आलेला प्रत्येक मेल परत जातो, आणि सकाळी ऑफिसात सगळे खूश असतात, की आज कचरा आलाच नाही. उपाय सोपा आहे. सर्व्हरवर अनबाउंडसारखा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं स्वतः शोधणारा प्रोग्राम) चालवा, आणि यादीचं उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ या पट्ट्यात असेल तरच ग्राह्य धरा.

दारातली दुसरी युक्ती ग्रेलिस्टिंगची. अनोळखी सर्व्हरला पहिल्या वेळी '४५०, थोड्या वेळानं या' असं सांगायचं. नीट चालवलेला सर्व्हर पुन्हा येतो, घाईत लाखो मेल फेकणारा बहुतेक वेळा येत नाही. पोस्टग्रे या ग्रेलिस्टिंगच्या प्रोग्राममध्ये हा थांबा मुळात ३०० सेकंदांचा असतो. कागदावर पाच मिनिटं. प्रत्यक्षात समोरचा सर्व्हर पुन्हा कधी यायचं ते स्वतः ठरवतो, आणि मोठ्या कंपन्यांचे मेल तर दुसऱ्या खेपेला वेगळ्याच आयपीवरून येतात, म्हणजे पुन्हा अनोळखी. लातूरसारख्या गावात, जिथं क्लासचं ऑफिस पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरून देतं, तिथं दहा मिनिटं चालणारा ओटीपी चाळीस मिनिटांनी येऊन काय कामाचा? ग्रेलिस्टिंग लावायचंच असेल तर मोठ्या मेल सेवांना आणि एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरची पडताळणी, ती पुढं येते) पास झालेल्या मेलना त्यातून सूट द्या. माझ्या मते आज छोट्या सर्व्हरवर ते नसलेलंच बरं.

सर्व्हर ऑफिसातच ठेवलाय आणि लाइट जाते, म्हणून काही जण दुसऱ्या शहरात बॅकअप एमएक्स, म्हणजे मेल घेणारा दुसरा सर्व्हर, घेऊन ठेवतात. बहुतेकांना त्याची गरज नसते. आपला सर्व्हर बंद असला तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळात पाच दिवसांची आहे. चार-सहा तासांच्या लोडशेडिंगनं मेल हरवत नाही, उशिरा येतो. उलट बॅकअप एमएक्सवर फिल्टर कमजोर असतो हे स्पॅम पाठवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि ते मुद्दाम त्याच दारानं येतात. तिथून आलेला मेल आपला मुख्य सर्व्हर 'आपलाच माणूस' म्हणून बिनधास्त घेतो.

दुसरा टप्पा ओळख पटवण्याचा. एसपीएफ सांगतं, की या डोमेनचा (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा) मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि वाचणाऱ्याला 'फ्रॉम'मध्ये जो पत्ता दिसतो त्याच्याशी या दोन्हीपैकी एकाचं तरी डोमेन जुळतं का, आणि जुळत नसेल तर काय करायचं, हे डीमार्क ठरवतं. या तिन्हींवरून पाठवणारा कोण ते कळतं. तो भला की बुरा ते कळत नाही, आणि इथंच लोकांची अपेक्षा चुकते.

एक नमुना उलगडून बघू. जालन्याच्या बियाणं कंपनीच्या अकाउंट्स विभागाला येतो तसा मेल. विषय: 'पेमेंट अॅडव्हाइस'. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीच्या डीलरचं. पत्ताही बरोबर वाटतो, फक्त डोमेनमध्ये इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेत. मोबाईलच्या बारीक अक्षरात फरक दिसतच नाही. हेडर, म्हणजे मेलसोबतची लपलेली तांत्रिक माहिती, उघडलं तर एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्कही पास. व्हायलाच हवं, कारण ते डोमेन पाठवणाऱ्यानं स्वतः विकत घेतलंय आणि नोंदी नीट भरल्यात. मजकूर दोन ओळींचा, व्याकरणाची चूक नाही, 'लॉटरी' किंवा 'बक्षीस' असला शब्द नाही. उत्तर ज्याला जाणार तो 'रिप्लाय-टू'चा पत्ता मात्र भलताच, फुकटच्या मेल सेवेचा. आणि सोबत जोडलीय एचटीएमएलची, म्हणजे वेबपानाची, फाइल. पीडीएफ समजून उघडली की ब्राउझरमध्ये मेलच्या लॉगिनचं पान येतं, त्यात तुमचा पत्ता आधीच भरलेला, पासवर्ड तेवढा टाकायचा बाकी. पान फाइलच्या पोटातच असल्यामुळं मेलच्या मजकुरात लिंक नसते, आणि लिंका तपासणाऱ्या फिल्टरला तपासायला काही उरत नाही.

असा मेल शब्दांवरून पकडता येत नाही. त्याला अडवायला तीन नियम उपयोगी पडतात. बाहेरून येणारी एचटीएमएल, एचटीएम आणि एसव्हीजी फाइल सरसकट जंकमध्ये. धंद्याच्या कामात असल्या फाइली कुणी क्वचितच पाठवतं. फ्रॉम आणि रिप्लाय-टूची डोमेनं वेगळी असतील आणि रिप्लाय-टू फुकटच्या सेवेचा असेल तर संशयाचे गुण वाढवायचे (फिल्टर हे गुण कसे जमवतो ते पुढं येईल). आणि ज्या पार्ट्यांशी रोजचा व्यवहार आहे त्यांच्या डोमेनची यादी करून, त्यांच्याशी एक-दोन अक्षरांचाच फरक असलेलं डोमेन आलं की विषयात ठळक इशारा जोडायचा. यादी पन्नास-साठ नावांची झाली तरी पुरते.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे पार्टीचंच अकाउंट कुणीतरी फोडलेलं असतं. डोमेन खरं, सही खरी, जुन्या बोलण्याचा धागाही तोच, आणि शेवटी एक ओळ: आमचं बँक खातं बदललंय, यापुढं या खात्यावर पैसे पाठवा. इथं कुठल्याही फिल्टरकडून अपेक्षा ठेवू नये. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या बिलावरच्या नंबरला फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरला नाही. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवायचं. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते अडवले जाण्याची आशा असते. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही नोंदवता येते.

बँकांच्या नावानं येणाऱ्या मेलसाठी एक नवी सोय झालीय. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर जायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ची होती. हे डोमेन आयडीआरबीटी ही हैदराबादची संस्था फक्त बँकांनाच देते, रस्त्यावरच्या कुणाला ते विकत मिळत नाही. म्हणून 'नावात बँक आहे आणि डोमेन डॉट बँक डॉट इन नाही' असा नियम लिहून दोन-अडीच गुण वाढवायला हरकत नाही. सरळ परत मात्र पाठवू नका. बँकांचे जाहिरातीचे मेल बाहेरच्या एजन्सीच्या डोमेनवरूनही येतात, आणि एखादं खरं स्टेटमेंट त्यात सापडायचं.

तिसरा टप्पा मजकुराचा, आणि मराठी माणसाची खरी पंचाईत इथं आहे. स्पॅमअॅसॅसिनसारखा फिल्टर शेकडो छोट्या नियमांचे गुण जमवतो आणि बेरीज ५ झाली की मेलवर स्पॅमचा शिक्का मारतो. हा ५ चा आकडा म्हणजे मोंढ्यातल्या चाळणीचं भोक: बारीक केलं तर खड्यांबरोबर चांगली तूरही वरच राहते. त्याच्या जोडीला बेझियन पद्धत असते, म्हणजे आधीच्या स्पॅम आणि चांगल्या मेलमध्ये कोणता शब्द किती वेळा आला यावरून नव्या मेलचा अंदाज. ही पद्धत शिकवल्याशिवाय चालत नाही. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय स्पॅमअॅसॅसिन तिचे गुण धरतच नाही. पुष्कळ ठिकाणी स्पॅमचे ढीग दाखवलेले असतात आणि चांगले मेल दाखवायचे राहून जातात. मग मंडळी म्हणतात, बेझियनचा काही फरक पडत नाही.

मराठीत अडचण दुहेरी होते. एक तर शब्दांना प्रत्यय चिकटतात. 'खातं', 'खात्यात', 'खात्यातून', 'खात्यावर', 'खातेदारांनी' हे फिल्टरच्या हिशेबी पाच वेगळे शब्द. इंग्रजीत त्यांतल्या चार ठिकाणी 'अकाउंट' हा एकच शब्द वारंवार येऊन त्याचं वजन पक्कं होतं, मराठीत तेच वजन पाच जागी वाटलं जातं. त्यात रोमन लिपीतली मराठी, जिथं 'खाते' हाच शब्द चार जण चार तऱ्हेनं लिहितात. म्हणून मराठी पत्रव्यवहार जास्त असलेल्या ऑफिसात २०० वर थांबू नका, हजार-दीड हजार मेल तरी शिकवा, आणि चांगल्या मेलमध्ये मराठी मेल भरपूर असतील हे बघा. नाहीतर होतं असं, की चांगले म्हणून दाखवलेले सगळे मेल इंग्रजी आणि मराठीत आले ते फक्त कर्जाच्या जाहिरातीचे स्पॅम. मग फिल्टर शिकतो, की मराठी म्हणजेच स्पॅम. कुणी ग्रामपंचायतीचं साधं पत्र पाठवलं तरी ते जंकमध्ये.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. आपल्याकडं अजून कितीतरी संस्थांत श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पत्र टाइप होतं आणि तेच कॉपी करून मेलमध्ये चिकटवलं जातं. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर छान मराठी दिसते. प्रत्यक्षात मेलमध्ये जातात ती अर्थहीन रोमन अक्षरं, चिन्हं आणि उच्चारखुणा. फिल्टरला चकवायला स्पॅम पाठवणारे जी निरर्थक अक्षरं घुसडतात, ती अशीच दिसतात. तशीच गत शाळा-कॉलेजांच्या जुन्या सॉफ्टवेअरची. ते मराठी विषय ठरलेल्या पद्धतीनं सांकेतिक न करता कच्चाच हेडरमध्ये टाकतं, आणि त्यावर फिल्टरमध्ये वेगळे गुण लागतात. यावर घेणाऱ्याच्या बाजूनं फार काही करता येत नाही. पाठवणाऱ्यानं मेलचा मजकूर युनिकोडमध्ये लिहावा आणि जुन्या फॉन्टचं पत्र पीडीएफ करून जोडावं, एवढाच मार्ग.

आणखी एक चूक: सगळ्या कंपनीसाठी शिकवणीचा एकच साठा. व्यापाऱ्याच्या मेलमध्ये 'रक्कम', 'तातडीनं', 'खाते क्रमांक' हे रोजचे शब्द. तेच कॉलेजच्या ग्रंथालयाच्या मेलमध्ये आले तर शंका घ्यावी असे. एकाच सर्व्हरवर दोन्ही असतील तर साठे वेगळे ठेवा. मात्र शिकवण्याचं बटण सगळ्यांच्या हाती देऊ नका. स्वतः नाव नोंदवलेल्या बातमीपत्राचा कंटाळा आला की लोक त्याला स्पॅम ठरवून मोकळे होतात, आणि फिल्टर ते प्रामाणिकपणे शिकतो.

गुणांचं काय करायचं? माझी मांडणी अशी: ५ च्या खाली इनबॉक्स, ५ ते १२ जंक फोल्डर, १२ च्या वर दारातूनच परत. दारातून परत म्हणजे मेल स्वीकारण्याआधीच ५५० चा नकार द्यायचा. चुकून खरा मेल अडला तर पाठवणाऱ्याला लगेच कळतं आणि तो फोन करतो. मेल आधी घेऊन मागाहून 'तुमचा मेल स्पॅम आहे' असं उत्तर पाठवणं चूक, कारण स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि ते उत्तर तिऱ्हाईताच्या डोक्यावर जाऊन पडतं. आणि गुपचूप डिलीट करणं तर कधीच नको. हरवलेला मेल शोधायला माग तरी राहिला पाहिजे.

आता ज्यांचा सर्व्हर नाही, जीमेलवरच सगळं चालतं, त्यांच्यासाठी. जीमेलमधला नेहमीचा शोध स्पॅम आणि ट्रॅश फोल्डरमध्ये बघतच नाही. 'शोधलं, नाही सापडलं' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा मेल तिथंच पडलेला असतो. शोधताना पर्यायांमध्ये 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडा. स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप जातो, म्हणून महिन्यातून एकदा बघून भागत नाही. खरा मेल तिथं दिसला की 'नॉट स्पॅम' दाबा. कायमचा बंदोबस्त करायचा तर शोधाच्या पट्टीतल्या उजवीकडच्या चिन्हावर जा, 'फ्रॉम'मध्ये पार्टीचं डोमेन टाका, 'क्रिएट फिल्टर' आणि मग 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर टिक करा. यात दोन गोष्टी टाळा: अख्खं जीमेलचं डोमेन कधी टाकू नका, आणि स्वतःच्या कंपनीचं डोमेनही टाकू नका. मालकाच्या नावानं अकाउंटंटला येणारा खोटा मेल तुमच्याच डोमेनचा मुखवटा घालून येतो, आणि त्याला तुम्हीच दार उघडं करून दिलेलं असतं. मेलचा खरेखोटेपणा बघायचा तर कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन ठिपक्यांमधून 'शो ओरिजिनल'. वरच्याच चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कचे निकाल दिसतात.

आउटलुक वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. मेल पॉप पद्धतीनं (सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून) येत असेल तर आउटलुकमध्ये फक्त सर्व्हरचा इनबॉक्स उतरतो. सर्व्हरवरचा जंक फोल्डर त्या माणसाला जन्मात दिसत नाही. आउटलुकचा स्वतःचा जंक फोल्डर रिकामा बघून तो म्हणतो, माझ्याकडं तर स्पॅम येतच नाही. वेबमेल उघडून दाखवा, किंवा सरळ आयमॅपवर न्या, म्हणजे सर्व्हरवरचे फोल्डर जसेच्या तसे दिसतील. जंक बघताना तारखेऐवजी पाठवणाऱ्याच्या नावानं क्रम लावा. एकाच पत्त्याचे वीस-वीस मेल एकत्र येतात आणि एकटादुकटा खरा मेल पटकन डोळ्यात भरतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते कुणाचं, हे नाव घेऊन ठरवावं लागतं.

'अनसबस्क्राइब' दाबावं का? ओळखीच्या दुकानाचा, क्लासचा, बँकेचा मेल असेल तर दाबा. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः दाखवतं ते बटण वापरलेलं बरं. अनोळखी असेल तर मेलमधल्या कुठल्याच लिंकला हात लावू नका, स्पॅम म्हणून टाका.

कायद्याकडून फार आशा नको. फोन आणि एसएमएसच्या जाहिरातींसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम आहेत, १९०९ वर नोंद करता येते. ते ईमेलला लागू नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम त्रासदायक मेललाही लागू होत होतं, पण ते सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं, आणि ते गेलं त्याची कारणं स्पॅमशी संबंधित नव्हतीच. फसवणूक झाली तर कलमं आहेत, नुसत्या कचऱ्यासाठी वेगळा कायदा नाही.

राहिली आपली बाजू. 'आमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचं डोमेन तपासलं तर चूक बहुधा घरचीच निघते. एसपीएफच्या दोन नोंदी असतात: एक जुन्या होस्टिंगवाल्यानं टाकलेली, एक नव्यानं. दोन नोंदी म्हणजे एकही नाही. तपासणारा सर्व्हर सरळ दोष धरतो. दोन्हींतले सर्व्हर एकाच नोंदीत घ्या. त्या नोंदीत 'इन्क्लूड' आणि तत्सम मिळून डीएनएसचे १० पेक्षा जास्त शोध होता कामा नयेत. मेल सेवा, बिलिंग सॉफ्टवेअर, एसएमएसवाल्याची मेल सेवा असं एकेक जोडत गेलं की आकडा अकरावर जातो आणि सगळंच बाद होतं.

वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म हा आणखी एक नेहमीचा गुन्हेगार. गिऱ्हाईक फॉर्ममध्ये आपला जीमेल पत्ता भरतं आणि फॉर्म तोच पत्ता 'फ्रॉम'मध्ये टाकून तुम्हाला मेल पाठवतो. म्हणजे तुमचा होस्टिंग सर्व्हर जीमेलच्या नावानं बोलतोय. डीमार्क नापास, मेल जंकमध्ये, चौकशी गेली. 'फ्रॉम'मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. पाच मिनिटांचं काम, पण वर्षानुवर्षं कुणी करत नाही.

ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवणारं सॉफ्टवेअर असेल तर तेही चालणार नाही. घरगुती आणि बदलत्या आयपींचे पट्टे काळ्या यादीत मुळातच असतात. मेल सेवेच्या सर्व्हरवरून, ५८७ पोर्टनं, पासवर्डसह पाठवा. कंपनीचा पत्ता जीमेलवर फॉरवर्ड करून ठेवणं हीसुद्धा वाईट खोड आहे. फॉरवर्ड होताना एसपीएफ मोडतं, आणि आलेला सगळा स्पॅम तुमच्याच सर्व्हरच्या नावानं पुढं जातो. काही दिवसांत तुमचे खरे मेलही संशयात येतात. त्यापेक्षा कंपनीचं अकाउंट मोबाईलच्या अॅपमध्ये आयमॅपनं वेगळं जोडा.

शेकडो पालकांना निकाल कळवणाऱ्या क्लासेसनी एवढं लक्षात ठेवावं: फुकटच्या जीमेलवरून २४ तासांत ५०० च्या वर लोकांना मेल जात नाही, पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेसवर मर्यादा २,००० ची आहे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढायची सोय लागते, आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत ठेवाव्या लागतात. हजारात तीन. ज्यांनी विचारलंच नव्हतं अशा लोकांची यादी विकत आणून मेल टाकले तर हा आकडा एका दुपारीत ओलांडतो. रोजचा आकडा गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसतो, फुकट आहे.

अचानक 'मेल पोचला नाही' अशी शेकडो उत्तरं यायला लागली तर दोन शक्यता. एक, कुणी तुमच्या नावानं दुसरीकडून पाठवतंय. तिथं डीमार्क कामाला येतं. दोन, तुमचा पासवर्ड गेलाय आणि तुमच्याच सर्व्हरवरून जातंय. सर्व्हरची रांग बघा, हजारो मेल साचलेले दिसले तर दुसरीच शक्यता खरी. आधी रांग थांबवा, पासवर्ड बदला, चालू असलेली सगळी लॉगिन बंद करा, मग मेलबॉक्समधले नियम तपासा. घुसलेला माणूस बहुधा एक नियम लावून ठेवतो, की 'पेमेंट' शब्द असलेला मेल आरएसएस फीड्स या कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकून वाचलेला दाखव. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. काळ्या यादीतून नाव काढायचा अर्ज या सगळ्यानंतर. कारण न काढता अर्ज केला तर नाव पुन्हा चढतं आणि दुसऱ्या वेळी उतरवायला जड जातं.

डीमार्क लावताना एकदम 'रिजेक्ट' (नापास मेल परत पाठवा) लिहू नका. आधी धोरण 'नन' (काही अडवू नका) ठेवून, मेल घेणाऱ्या सेवांकडून येणारे अहवाल चार-सहा आठवडे वाचा. बिलिंग सॉफ्टवेअर, एचआरची सेवा, वेबसाइट, असे आपल्या नावानं मेल पाठवणारे विसरलेले साथीदार त्यात सापडतात. त्यांची सही नीट झाली की 'क्वारंटाइन' (नापास मेल जंकमध्ये टाका), आणि महिनाभर कुणी ओरडलं नाही की 'रिजेक्ट'. हे अहवाल रोज झिप किंवा जीझिप फाइलमध्ये एक्सएमएल भरून येतात, आणि झिपला कडक नियम लावलेल्या सर्व्हरवर ते स्वतःच जंकमध्ये जाऊन बसतात. त्यांच्यासाठी वेगळा पत्ता काढा, आणि तेवढ्या एका पत्त्यावर झिपचा नियम ढिला ठेवा.